बातमी खरी, बाटली खोटी

पत्र असं आलंय (थोडं छोटं करून देतोय):

"काका नमस्कार. मी कराडजवळच्या गावातून लिहितेय. आईला ब्रेस्ट कॅन्सर निघाला, दुसरी स्टेज. ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे, चार झाल्या, चार बाकी. तिसऱ्या केमोनंतर ताप आला, ॲडमिट करावं लागलं, इन्फेक्शन होतं आणि अँटिबायोटिकसुद्धा बदलावं लागलं. तेव्हापासून मामा मागे लागलेत की केमो बंद करा. त्यांनी एका माणसाकडून 'नागविषाचा अर्क' आणलाय, साडेचार हजारांची बाटली, रोज सकाळी जिभेवर पाच थेंब. सोबत मला बातम्यांच्या लिंका पाठवल्यात, सापाच्या विषाने कॅन्सरच्या पेशी मरतात, जंतू मरतात वगैरे, आणि वाचल्या तर त्या खऱ्या वाटतायत, युनिव्हर्सिटीतल्या संशोधनाच्या आहेत. मामा म्हणतात केमो म्हणजे केमिकल, हे नॅचरल, आणि आयुर्वेदातही आहे. बाबा गेल्यापासून घर मामांनीच सांभाळलंय, त्यांना तोडून बोलवत नाही. ते स्वतः बीपीची गोळी एक दिवस चुकवत नाहीत पण आईला मात्र औषध बंद कर म्हणतात! मी एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सविस्तर सांगितलंत तरी चालेल. आपल्याकडे विषावर काम कुठे चालतं तेही सांगा."

अगं पोरी, आधी कामाचं. केमो बंद करायची नाही आणि ते थेंब द्यायचे नाहीत, एकसुद्धा नाही, मामांचं मन राखायला म्हणूनही नाही. आधीच दिले असतील तर घाबरू नकोस, पण पुढच्या व्हिजिटला बाटली पिशवीत घालून ऑन्कोलॉजिस्टला दाखव आणि किती दिवस दिले ते सांग. डॉक्टर ओरडतील म्हणून लपवतात लोक, आणि मग लिव्हरचे रिपोर्ट बिघडले की कोणालाच कळत नाही कशामुळे ते.

आणि थेंबांचंच का एवढं, तर केमोत तोंडात फोड येतात, आईलाही आले असतील. बाटलीत खरोखर विष असेल तर अशा सोललेल्या जिभेवर ते टाकणं म्हणजे थेट रक्तात वाट करून देणं आहे, आणि त्याच काळात प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या) आणि पांढऱ्या पेशी (जंतूंशी लढणाऱ्या) दोन्ही खाली असतात.

आता मामांच्या लिंका. तू म्हणतेस खऱ्या वाटतात, तर हो, खऱ्या आहेत. बातमी खरी आहे आणि बाटली खोटी आहे, आणि तुला मामांशी बोलायचं असेल तर हे दोन्ही एका दमात सांगावं लागेल, कारण नुसतं "सगळी अंधश्रद्धा आहे" म्हणालीस तर ते लिंक उघडून दाखवणार आणि तू खोटी ठरणार.

सुरुवात मामांच्या बीपीच्या गोळीपासून कर. पाकीट बघ. रामिप्रिल, एनालाप्रिल, असं शेवटी 'प्रिल' असलेलं नाव असेल तर मामा रोज सकाळी सापाच्या विषातून निघालेल्या औषधाची नातवंडंच गिळतायत. (टेल्मिसार्टान असेल तर वंश वेगळा, तरी गोष्ट सांगायला हरकत नाही.) ब्राझीलमध्ये जाराराका नावाचा साप आहे, तो चावला की माणसाचं बीपी धाडकन पडतं. तिथल्या रोशा इ सिल्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली याच विषावर काम करताना ब्रॅडिकायनिन शोधलं, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारा आपल्याच शरीरातला पदार्थ. नंतर १९६० च्या दशकात सर्जिओ फेरेरा यांना विषात असं काहीतरी सापडलं की जे या ब्रॅडिकायनिनचा जोर वाढवतं, ते घेऊन ते लंडनला जॉन व्हेन यांच्या लॅबमध्ये गेले, तिथून विषय अमेरिकेत स्क्विब कंपनीकडे गेला आणि विषातल्या एका पेप्टाइडपासून, म्हणजे प्रथिनाच्या छोट्या तुकड्यापासून, टेप्रोटाइड नावाचं औषध तयार झालं. माणसाचं बीपी उतरवायचं ते! पण एक अडचण होती, जी मामांना दोनदा सांग. ते तोंडाने घेतलं की पोटात पचून जायचं, इंजेक्शनशिवाय उपयोग शून्य. म्हणून कुशमन आणि ओन्डेटी या दोघांनी ते पेप्टाइड शरीरातल्या बीपी वाढवणाऱ्या एन्झाइमला नेमकं कुठे चिकटतं याचा अंदाज बांधून, तेवढ्या जागेपुरता एक छोटासा रेणू लॅबमध्ये नव्याने बनवला, गिळता येईल असा. तो कॅप्टोप्रिल. अमेरिकेत मंजुरी मिळाली १९८१ ला. फेरेरांचं पहिलं काम १९६५ चं, म्हणजे सोळा वर्षं गेली, आणि शेवटी जी गोळी आली तिच्यात विषाचा एक कणसुद्धा नव्हता.

दुसरं उदाहरण आपल्या घरचं आहे. फुरसं. कोकणातल्या सड्यावर दगडाखाली बसलेलं असतं ते, वीतभर आणि अतिशय रागीट. त्याच्या विषात एकिस्टॅटिन नावाचं प्रथिन आहे, प्लेटलेट एकमेकींना चिकटू देत नाही ते. त्याचा आकार बघून टायरोफिबान बनवलं गेलं, १९९८ पासून आहे, हार्ट ॲटॅकच्या पेशंटला शिरेतून देतात. एप्टिफिबाटाइड त्याच वर्षीचं, तेही अमेरिकेतल्या एका छोट्या रॅटलस्नेकच्या विषावरून सुचलेलं. दोन्ही कारखान्यात रसायनांपासून बनतात. रक्त गोठण्याचा एक बिघाड शोधायला लॅबमध्ये घोणशीचं विष पातळ करून वापरतात, ती टेस्ट आपल्याकडच्या मोठ्या लॅबमध्येही होते. तेव्हा विषातून औषध निघतं यात काही शंका नाही, निघालेलं आहे, विकलं जातंय. पण कॅन्सरवरचं आणि जंतूंवरचं अजून दुकानापर्यंत आलेलं नाही.

का नाही आलं ते बघू, तू मायक्रोची आहेस तर जरा खोलात जाते गाडी.

विष म्हणजे एक पदार्थ नाही, भेळ आहे, डझनावारी प्रथिनं आणि पेप्टाइडं एकत्र. कोणी पेशींचं आवरण फाडतं, कोणी रक्त पातळ करतं, कोणी नसांचा संदेश थांबवतं. लॅबवाले करतात काय तर यातून एकच घटक वेगळा काढतात आणि डिशमधल्या कॅन्सर पेशींवर टाकतात. एल-अमिनो ॲसिड ऑक्सिडेज घे. बऱ्याच सापांचं विष पिवळं दिसतं ते या एन्झाइममधल्या फ्लेव्हिन नावाच्या पिवळ्या घटकामुळे. हे एन्झाइम अमिनो ॲसिड मोडताना हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं, आणि त्याने कॅन्सरच्या पेशी मरतात, बॅक्टेरिया पण मरतात, म्हणून दोन्ही बातम्या एकाच एन्झाइमच्या नावाने येतात. आता हायड्रोजन पेरॉक्साइडने काय मरत नाही सांग? डिशमध्ये चांगली पेशी आणि वाईट पेशी निवडायची वेळच आलेली नसते. खरा प्रश्न तो आहे, कॅन्सर मरतो का हा नाहीच, माणूस शिल्लक ठेवून कॅन्सर मरतो का हा आहे.

त्यातल्या त्यात हुशार मार्ग डिसइन्टेग्रिनांचा, म्हणजे विषातल्या इन्टेग्रिन अडवणाऱ्या प्रथिनांचा. पेशी आजूबाजूला धरून बसतात ती इन्टेग्रिन नावाची प्रथिनं वापरून, प्लेटलेटही त्यांनीच चिकटतात, कॅन्सरच्या पेशी दुसरीकडे पसरताना तीच वापरतात आणि गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्याही. फुरशाचं एकिस्टॅटिन डिसइन्टेग्रिनांच्याच कुळातलं. अमेरिकेत कॉपरहेड नावाचा साप आहे, त्याच्या विषातलं कॉन्टॉर्ट्रोस्टॅटिन घेऊन सदर्न कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीत फ्रान्सिस मार्कलंड यांनी वर्षानुवर्षं काम केलं. उंदरांमध्ये माणसाच्या ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशी वाढवल्या, हे दिलं, गाठीची वाढ आणि पसरणं दोन्ही कमी झालं. मामांच्या लिंकांमध्ये ब्रेस्ट कॅन्सर आणि साप असं एकत्र असेल तर बहुतेक हेच असणार. काम चांगलं आहे, मनापासून सांगतो, पण उंदरांवरचं आहे. त्याच इन्टेग्रिनांना अडवणारं सिलेंजिटाइड नावाचं औषध लॅबमध्ये बनवून मेंदूच्या कॅन्सरवर मोठ्या ट्रायलपर्यंत नेलं होतं, सुरुवातीचे निकाल उत्साहाचे होते, शेवटच्या मोठ्या चाचणीत पेशंटचं आयुष्य काही वाढलं नाही, संपला विषय. याची बातमी कोणी फॉरवर्ड करत नाही.

माणसांवर कधी करूनच बघितलं नाही असंही नाही हं. दक्षिण अमेरिकन रॅटलस्नेकच्या विषातलं क्रोटॉक्सिन अर्जेंटिनात २३ पेशंटना दिलं होतं, सगळे पुढच्या स्टेजचे, बाकी उपाय थकलेले, त्याचा रिपोर्ट २००२ ला आला. रोज इंजेक्शन, तीस दिवस, मोजून मिलिग्रॅमच्याही अंशात. काहींची गाठ खरंच लहान झाली. आणि निम्म्याहून जास्त लोकांना एकाचे दोन दिसायला लागले, कारण डोळ्यांचे स्नायू लुळे पडले, नसांचं विष आहे ते शेवटी. पहिल्या टप्प्याची चाचणी होती, डोस किती सहन होतो एवढंच बघायची. यात तुझ्या मामांनी बघायचं काय, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, शुद्ध केलेला एकच घटक, इंजेक्शनने देऊनही ही अवस्था. आणि इकडे एक माणूस बाटलीतून पाच थेंब विकतोय ज्यात काय आहे त्याचं लेबल नाही.

तसं १९३३ मध्ये फ्रान्सच्या कालमेट यांनी नागाचं विष उंदरांच्या गाठींवर वापरून बघितलं होतं. हेच ते कालमेट, सर्पदंशावरच्या लसीचे जनक, क्षयाच्या बीसीजी लसीतला 'सी' पण त्यांचाच. म्हणजे कल्पना नव्वद वर्षं जुनी आहे, कुठल्या औषध कंपनीने दाबून ठेवलेली नाही, सगळ्यांच्या डोळ्यासमोर प्रयत्न चालू आहेत आणि अवघड आहे म्हणून वेळ लागतोय.

जंतूंचं. इथे मला जरा जास्त आशा वाटते, हे माझं वैयक्तिक मत. २०१९ मध्ये जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं अशा बॅक्टेरियांनी गेली ज्यांच्यावर औषधं चालत नव्हती, तेव्हा नवीन काहीतरी पाहिजेच आहे. पट्टेरी मण्यार, ती काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची, तिच्यापासून चीनमधल्या संशोधकांनी २००८ मध्ये कॅथेलिसिडिन-बीएफ नावाचं तीस अमिनो ॲसिडचं पेप्टाइड मिळवलं. ते बॅक्टेरियाच्या आवरणाला भोकं पाडतं, आणि आवरणच बदलणं बॅक्टेरियाला सोपं नसतं म्हणून रेझिस्टन्स (औषधाला दाद न देणं) यायला वेळ लागतो असा हिशोब. कॅथेलिसिडिन आपल्या शरीरातही असतं, तुला सिलॅबसला असेल. अडचणी त्याच, रक्तातले एन्झाइम पेप्टाइड लगेच तोडून टाकतात, डोस वाढवला की रक्तातल्या लाल पेशींनाही भोकं पडायची भीती, बनवायला महाग. म्हणून जखमेवर लावायच्या मलमासारखं काहीतरी आधी येईल असं मला वाटतं, पोटात घ्यायचं नाही.

आईच्या इन्फेक्शनशी याचा काही संबंध नाही. तिला ताप आला कारण केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. अँटिबायोटिक बदललं म्हणजे उपचार फसले असं नव्हे, कल्चर रिपोर्ट (कुठला जंतू, त्यावर कुठलं औषध चालेल) आला की औषध बदलतातच. हे मात्र फ्रिजवर लिहून चिकटव: ताप १००.४ गेला की तासाभरात निघायचं, रात्री दोन वाजले तरी, क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, आणि कॅज्युअल्टीत पोचल्यावर पहिलं वाक्य "केमो चालू आहे" हे बोलायचं. पुढच्या वेळी पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन देता येईल का हेही डॉक्टरांना विचार, बऱ्याच पेशंटना देतात.

'केमिकल' आणि 'नॅचरल' बद्दल मामांना एक सांग. आईला पहिल्या चार केमोत लाल रंगाचं औषध लावलं असेल तर ते डॉक्सोरुबिसिन, मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस बॅक्टेरियापासून मिळालेलं, लाल रंगसुद्धा त्याचाच. पुढच्या चार बहुतेक पॅक्लिटॅक्सेलच्या असतील, ते मुळात यू नावाच्या झाडाच्या सालीतलं. लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरवर चालणारं व्हिनक्रिस्टिन आपल्या अंगणातल्या सदाफुलीतलं. सगळी नॅचरल विषंच की ही! फरक एवढाच की यांची मापं माहीत आहेत, कोणाला किती दिलं तर काय होतं हे हजारो पेशंटमध्ये बघून झालेलं आहे. सदाफुलीत औषध आहे म्हणून पानं चावून खाणारे लोक पण आहेत, त्यांनाही हेच उत्तर.

आयुर्वेदाचं म्हणशील तर मामा अर्धं बरोबर बोलतायत. चरकसंहितेत उदररोगाच्या प्रकरणात सर्पविषाचा उल्लेख आहे, चिडलेल्या सापाने दंश केलेलं फळ खायला द्यावं असा. पण कधी? बाकी सगळे उपाय हरल्यावर, आणि तेही नातेवाईक, मित्र, बायको, गुरू, राजा या सगळ्यांना जिवाला धोका आहे हे आधी सांगून, त्यांची संमती घेऊन. मला तर तो भाग वाचताना आजच्या ट्रायलचा कन्सेंट फॉर्म आठवतो. बाटलीवाल्याने मामांना जिवाला धोका आहे असं सांगितलं होतं का, विचारून बघ.

बाटलीत काय असेल? माझा अंदाज, विष नसणारच. नाग पकडणं, त्याचं विष काढणं-विकणं परवान्याशिवाय चालत नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. चेन्नईजवळ इरुळा लोकांची सहकारी संस्था आहे, १९७८ पासूनची, ती परवानगीने विष काढते आणि ते सर्पदंशाच्या लशी बनवणाऱ्यांकडे जातं. तुमच्या बाटलीवाल्याला ते कुठून मिळणार. होमिओपॅथीचं नाजा किंवा लॅकेसिस ३० सारखं काही असेल तर इतकं पातळ असतं की त्यात मूळ विषाचा रेणूही उरत नाही, त्याने काही होणार नाही, ना चांगलं ना वाईट, नुकसान होईल ते केमो थांबवल्याने. भीती तिसऱ्या शक्यतेची आहे, स्टिरॉइड मिसळलेलं असण्याची, कारण स्टिरॉइडने चार दिवस भूक लागते, तरतरी येते, "बघा गुण आला" असं वाटतं. कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करणं हाच १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे, औषधं आणि जादूई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा तो. बिल असेल तर जपून ठेव, नसेल तर पैसे पाठवल्याचा मेसेज, आणि जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार कर, फक्त आधी नाही, आईची ट्रीटमेंट पार पडू दे, आत्ता त्या भानगडीत मामा दुखावले जातील आणि ते तुला परवडणारं नाही.

कारण मामा वाईट नाहीत गं. बहिणीला ॲडमिट झालेलं बघून घाबरलेत आणि साडेचार हजार स्वतःच्या खिशातून घातलेत. त्यांना घरात बसवून समजावू नकोस, भाचीने शिकवलेलं कुठल्या मामाला आवडत नाही. पुढच्या व्हिजिटला त्यांनाच सोबत ने. "मामा, तुम्हीच विचारा डॉक्टरांना" म्हण. केमो मध्येच सोडली तर कॅन्सर परत यायची शक्यता किती वाढते आणि पूर्ण केली तर किती कमी होते, हे आईच्या रिपोर्टवरून डॉक्टर सांगतील, ते तुझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा त्यांच्याकडून ऐकलेलं बरं. बाटलीही त्यांनाच काढून दाखवू दे. दुसरं मत पाहिजे असेल तर परळला टाटा मेमोरियल आहे, कागद घेऊन जा, मामांनाच पुढे कर, एक काम हातात असलं की माणूस शांत होतो. आणि कोणी "ट्रायल चालू आहे" म्हणून विष विकायला आलं तर ट्रायलची नोंदणी सीटीआरआय या सरकारी वेबसाइटवर असावी लागते, कोणीही फुकट बघू शकतं, आणि ट्रायलमध्ये तपासायच्या औषधाचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत. पैसे मागितले की उठून यायचं.

आता तुझा शेवटचा प्रश्न. बंगळुरूच्या आयआयएससीत (भारतीय विज्ञान संस्थेत) कार्तिक सुनगर यांची विषावरची लॅब आहे. २०२४ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेसोबत नाग, मण्यार, मांबा अशा सापांच्या एका मोठ्या न्यूरोटॉक्सिन (नसांवरचं विष) गटाला अडवणारी कृत्रिम अँटिबॉडी दाखवली. आसामात तेजपूर युनिव्हर्सिटीत घोणशीच्या विषावर बरंच काम झालंय, कोलकाता युनिव्हर्सिटीत विषातल्या कॅन्सरविरोधी घटकांवर, आणि आपली परळची हाफकिन संस्था आहेच. भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं जातात असा अंदाज आहे, त्यामुळे इथे बहुतेक लॅबचा पहिला जोर दंशावरच्या औषधावर असतो, कॅन्सर मागे, आणि मला ते बरोबरही वाटतं. तू मायक्रोची, तर पेप्टाइड आणि रेझिस्टंट बॅक्टेरिया हा तुझा रस्ता. नेट-गेटची तयारी सुरू ठेव, आणि गाईडला पहिल्या मेलमध्ये दोन गोष्टी विचार: विष कुठून घेता, आणि नुसतं डिशमध्ये मारून थांबता की लाल पेशींवरही तपासता.